शुन-लेईच्या पाटीखाली

सेतो बिंग-नामशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि पंधरा वर्षं झाली तरी ते भांडण काही मिटलेलं नाही. साई यिंग पूनच्या मंडईत वरच्या मजल्यावर माझा पेजेचा गाळा आहे. तिथं सकाळी सात वाजता हा किडकिडीत म्हातारा एका चांगल्या शिकल्यासवरल्या प्राध्यापकावर खेकसत होता. प्राध्यापकानं म्हणे पुस्तकात छापलं होतं, अमुक जुन्या कँटोनीज सिनेमातला जिना तमुक गल्लीतला.

"पस्तीस वर्षं टपालाची पिशवी घेऊन चढलोय मी तो जिना! तिथं गटाराचं झाकण चौकोनी होतं. ह्यात गोल आहे. डोळे आहेत की भोकं?"

"ओ दादा," मी म्हटलं, "ओरडायचं तर खाली मासळीबाजारात जा. माझी पेज नासेल."

"पेज कुठली? पाणीच आहे नुसतं. ते काय नासणार?"

तेव्हापासून तो रोज येतो. पेजेला नावं ठेवतो आणि दोन वाडगे खातो.

सेतोदादाचा राग मला कळतो. ज्या गल्ल्यांतून त्यानं जन्मभर पत्रं वाटली त्यातल्या निम्म्याही आता उरल्या नाहीत. पाडल्या, वर काचेचे मनोरे उभे केले, आणि गल्लीचं नाव तेवढं खालच्या लॉबीत पितळी अक्षरांत ठोकलं. म्हणून हा घरी बसून जुने काळेपांढरे सिनेमे बघतो. ते सिनेमे तेव्हा आठवड्यात काढून उरकायचे. सेट बांधायला पैसा नाही, वेळ नाही. मग कॅमेरा उचलायचा, कुणाला न विचारता गल्लीत उभा करायचा आणि पोलीस यायच्या आत पळायचं. "नट खोटे गं, क्वाई," तो म्हणतो, "पण मागची माणसं खरी. हातातली कोथिंबीरसुद्धा खरी."

चित्र थांबवून तो वहीत पेन्सिलीनं पायऱ्या काढतो, कठड्याचं वळण काढतो, खांबाची सावली काढतो. मग ऐन दुपारी छत्री घेऊन त्या जागी जाऊन उभा राहतो, सावली जुळते का बघायला. नाही जुळली तर पान टराटरा फाडतो. ब्याऐंशी वर्षांचा माणूस! त्याच्या सुनेनं मला दोनदा सांगितलं, "मावशी, तुम्ही तरी समजवा." मी काय समजावणार? चार वर्षांपूर्वी मीच त्याला काम लावलं होतं.

"मला एक दार शोधून द्या," मी म्हटलं होतं. "मला त्याच्यावर थुंकायचंय."

सत्तावन्न साली मी सहा वर्षांची होते. आई आणि मी सरहद्द ओलांडून येऊन दोन महिने झाले होते. आम्ही कुणाच्या तरी खाटेच्या वरची खाट भाड्यानं घेतली होती. ती जागा कुठं होती हे मला आजही सांगता येणार नाही. एक दिवस आई मला एका चढाच्या गल्लीत घेऊन गेली आणि म्हणाली, "शुन-लेईच्या पाटीखाली उभी राहा. मी औषध घेऊन आलेच." मी उभी राहिले. ती आली नाही. मला रडू फुटलं. तेवढ्यात सिनेमावाले आले, त्यांना रडणारी पोर आयतीच मिळाली. आणखी मोठ्यानं रडावं म्हणून एका मेल्यानं दंडाला चिमटा काढला. मग जवळून चित्र घ्यायचं म्हणून ट्रकमध्ये टाकून डायमंड हिलच्या स्टुडिओत नेलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत आणून सोडलं तर आई नव्हती. स्टुडिओत भात शिजवणाऱ्या बाईनं मला वाढवलं, देव तिचं भलं करो. पण आईसाठी मी कधी पितरांच्या दिवशी एक उदबत्ती लावली नाही. टाकून गेलेल्या बाईला कसली उदबत्ती? उलट रोज सकाळी चूल पेटवताना तिला एक शिवी हासडायची, हा माझा नेम.

सिनेमाचं नाव मला माहीत नव्हतं, आणि शुन-लेई नावाची दुकानं तेव्हा गावात गल्लोगल्ली होती. सेतोदादानं चार वर्षांत दोनशेच्या वर सिनेमे बघितले, एकेक रडणारी पोर माझ्यासमोर आणली. मी प्रत्येकीला नाही म्हटलं. परवा सकाळी तो आला तो पेजेकडे न बघता आला. परदेशातल्या कुठल्याशा बंद थिएटरच्या तळघरात एक रीळ सापडलं होतं, त्याची प्रत त्याला मिळाली होती. त्यानं टॅब्लेट माझ्या चॉपिंग बोर्डावर टेकवला.

मीच होते. कपाळावरचे वेडेवाकडे कापलेले केस, एका पायात चप्पल. डोक्याच्या वर दुकानाची पाटी.

"बघा!" मी ओरडले. "शुन-लेई! सांगत नव्हते मी? इथंच टाकून गेली ती रांड!"

सेतोदादा माझ्याकडे बघत राहिला. "काय वाचलंस तू?"

"शुन-लेई. तुम्हाला दिसत नाही का?"

"अगं, सत्तावन्न सालची पाटी आहे ती. तेव्हा पाट्या उजवीकडून लिहायचे. उजवीकडून वाच."

मी उजवीकडून वाचलं. लेई-शुन.

"मग? उलटसुलट एकच की ते."

"एकच नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "दोन भाऊ होते, तांदळाचे दुकानदार. शुन-लेई थोरल्याचं, वर, वळणापलीकडं. धाकटा भांडून वेगळा झाला, त्यानं खाली दुकान टाकलं आणि थोरल्याला जळवायला तेच नाव उलटं करून लावलं. लेई-शुन. एकाची पत्रं दुसऱ्याकडं जायची. दोघांच्याही शिव्या खाल्ल्यात मी."

"खोटं बोलता! डोकं फिरलंय तुमचं म्हातारपणी. मला वाचता येत होतं. मिशनच्या गच्चीवरच्या शाळेत जात होते मी. गोऱ्या पाद्रीणबाई शिकवायच्या, बोट ठेवून, हे असं, डावीकडून..."

माझं बोट हवेतच थांबलं.

आईनं विचारलं होतं. मला लख्ख आठवलं. गल्लीच्या तोंडाशी वाकून विचारलं होतं, "तुला आता वाचता येतं ना?" आणि मी ऐटीत म्हटलं होतं, हो.

सेतोदादानं टॅब्लेट उचलायला हात घातला. "बास झालं. पुढं काही नाही."

"आहे काहीतरी. तुमच्या तोंडावर दिसतंय. लावा."

"क्वाई, ऐक माझं..."

"लावा म्हणते ना!"

पुढचं चित्र समोरच्या गच्चीवरून घेतलेलं होतं. सगळी गल्ली दिसत होती, वळणासकट. खाली मी आणि माझ्याभोवती सिनेमावाले. वर, वळणापलीकडं, दुसऱ्या पाटीखाली एक बाई उभी होती. बोटाला सुतळीनं औषधाच्या पुड्या अडकवलेल्या. तोंड चढाकडं, पाठ आमच्याकडं. टाचा उंचावून ती येणाऱ्याजाणाऱ्या पोरांकडं बघत होती. तीन सेकंद. मग नायिका आली आणि गाणं सुरू झालं.

"कोणीही असेल," सेतोदादा म्हणाला. "गल्लीत बायका काय कमी होत्या?"

गटाराच्या झाकणावरून प्राध्यापकाचे वाभाडे काढणारा माणूस मला सांगत होता, कोणीही असेल! माझं टाळकंच सरकलं. "चार वर्षं कशाला शोधलंत मग? कुणी सांगितलं होतं एवढं नीट शोधायला? अडुसष्ट वर्षं शिव्या घातल्या मी तिला. आता त्या कुठं नेऊन घालू? सांगा ना!"

तो माझ्यावर एकदाही ओरडला नाही, ह्याचाही मला राग आला.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा लावलं. मग पुन्हा. गाळ्यापुढं गिऱ्हाईकं ताटकळली होती, कुणीतरी "आजी, पेज!" म्हणालं. चौथ्यांदा ती बाई टाचा उंचावून उभी राहिली तेव्हा मी हातातला डाव ओट्यावर आपटला आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशी ओरडले, "अगं मागं बघ! खाली आहे मी, खाली! मागं बघ ना गं, आई!"