नऊ ब्रासचे नऊ घनमीटर

वैरागजवळच्या आमच्या गावात माळावर पाणी अडवायला चर खोदायचं रोजगार हमीचं काम निघालं होतं. आमच्या टोळीत पाच बायका; मजुरी सगळ्यांच्या मिळून झालेल्या मापावर. त्यात माझ्या सासूबाईही होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. आठवडाभर मुरूम फोडून आम्ही दीडशे फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल चर काढला. शनिवारी मोजमाप घेणारा साहेब आला. टेप लावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "नऊच भरतंय. निम्मंसुद्धा काम झालेलं नाही तुमचं."

आम्ही पाचहीजणींनी त्या कागदावर सह्या-अंगठे केले. घरी येताना आत्या मागं मागं चालत होत्या. दारात आल्यावर म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यापायी कमी पडलं आसंल. सोमवारपासनं म्या न्हाय येत. माझ्यामुळं बाकीच्यांचं नुकसान कशाला?"

आत्यांना कामावर टेकलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी बारावी सायन्स झालेली. भाकरी टाकून झाल्यावर वही घेतली. दीडशे गुणिले तीन गुणिले दोन, नऊशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, हे मुरूम वाहणाऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक असतं. म्हणजे नऊ ब्रास. पण साहेबाच्या कागदावर मी सही करताना वाचलं होतं, 'नऊ घनमीटर'. एका घनमीटरात पस्तीस घनफुटांहून जरा जास्त माती बसते. नऊशेला त्यानं भागलं, तर साडेपंचवीस घनमीटर आले. आम्ही काढलेल्या मातीतले तीनातले दोन वाटे त्या माणसानं एका शब्दात गिळले होते.

सोमवारी मी वही त्याच्यापुढं धरली.

"ब्रास काय नि घनमीटर काय, माती तीच ना ताई," तो म्हणाला. "आणि आता वर पाठवलंय. बदलत नाही."

"मग चरात उतरा आणि मीटरनं मोजा. मी धरते टेप."

त्यानं आपल्या बुटांकडं पाहिलं आणि गाडीला किल्ली लावली.

मंगळवारी आत्यांना घेऊन मी बार्शीला तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या इंजिनिअर बाईंनी वही बघितली, कॉम्प्युटर उघडला आणि पाच मिनिटांत आकडा दुरुस्त केला. "चुकून झालंय," एवढंच म्हणाल्या.

"हे माझ्या सासूबाईंना सांगा," मी शेजारी उभ्या आत्यांकडं हात करून म्हटलं. "त्यांनी स्वतःला कामचुकार समजून काम सोडलंय."

"दुरुस्त केलं ना? मग झालं तर."

काय झालं? साठीची बाई तीन दिवस मान खाली घालून वावरली, त्याची कुठं नोंद होती? आणि आम्ही पाचजणी, ज्यांनी ती माती डोक्यावरून वाहिली, त्यांनीही साहेबाचा आकडा मुकाट्यानं खरा मानला. मीसुद्धा सही केली. याचा राग मला त्या साहेबावरच्या रागाहून जास्त येतो.

परतीच्या एसटीत आत्यांनी विचारलं, "म्हंजी आपलं बराबर हुतं?"

"व्हय आत्या. साडेपंचवीस."

 त्या शेजारच्या अनोळखी बाईकडं वळल्या आणि तिला चराची लांबी, रुंदी, खोली सगळं सांगू लागल्या. ती बाईही ऐकत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला अजून भांडायचं होतं.