नीमावहिनीची ढिली वेणी

फोन आला तेव्हा मी दादाच्या शर्टाला इस्त्री करत होते. टेबलावर फवाऱ्याची ती निळी बाटली होती. खरं म्हणजे ती इस्त्रीची नव्हतीच, ती नीमावहिनीची होती. तिच्यात पाणी आणि थोडं खोबरेल असायचं, कपड्यांवर मारली की डाग पडायचे, म्हणून वहिनीशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही असा घरातला कायदा होता. त्या दिवशी घाईत मी तीच उचलली, शर्टाच्या खांद्यावर तेलकट डाग पडला, आणि आता वहिनी घरी आली की माझी चांगली हजेरी घेणार असं मनात म्हणते आहे तोच फोन वाजला. दादा दवाखान्यातून बोलत होता. "सुनंदा, आशाला कॉलेजातून घेऊन ये," एवढंच म्हणाला. वहिनीच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन नीट झालं होतं, आदल्या संध्याकाळी वहिनी माझ्याशी बोललीसुद्धा होती, तेव्हा मला आधी काही उमगलंच नाही. मग दादा रडायला लागला... त्या शर्टावरचा डाग अजून गेलेला नाही. मीच तो धुतला नाही.

दादा केमिस्ट म्हणून टांझानियातल्या एका साखर कारखान्यात गेला, तिथल्याच नीमाशी त्यानं लग्न केलं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बायको आणि पाच वर्षांची आशा यांना घेऊन आमच्या इंदिरानगरच्या घरी परत आला. मी लग्न न करता आईपाशी राहिलेली, त्यामुळे या सगळ्याला पहिल्या दिवसापासून साक्षी आहे. माझी आई सटाण्याची. बाहेर ती आपल्यासारखं बोलते, घरात मात्र अहिराणी. वहिनी मराठी शिकली ती आईच्या हाताखाली, स्वयंपाकघरात, त्यामुळे तिच्या तोंडी 'आहे'च्या जागी 'शे' बसलं ते कायमचं. शिवाय ती सगळ्यांना 'तू' म्हणायची, आईला आणि पोस्टमनलासुद्धा. भाजी बाजारात बायका जवळ येऊन तिच्या डोक्याला हात लावायच्या. केस खरेच आहेत का ते त्यांना बघायचं असे. वहिनी अजिबात चिडायची नाही. "हात धुतला का?" एवढंच ती विचारायची, आणि हात आपोआप मागे जायचा.

आशाचे केस तिच्या आईवर गेलेले. एकेक बट स्प्रिंगसारखी, ओढली तर खांद्यापर्यंत यायची आणि सोडली की कानाशी जाऊन बसायची. नातीचं डोकं हा माझ्या आईनं आपला हक्क मानला. रविवारी शिकेकाई, मग उन्हात बसवून केस खडखडीत वाळवायचे, आणि मुळापासून फणी. फणी अडली की आणखी जोर. वेणी इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर चढायच्या. आमच्याकडे घट्ट वेणी म्हणजे पोरीकडे कुणाचं तरी लक्ष आहे याची खूण, आणि घट्ट बांधले की केस वाढतात यावर आईचा ठाम विश्वास. वहिनी आपल्या पद्धतीनं सैल वेण्या घालायला बसली की आई दारातून म्हणायची, "अशी ढिली वेणी घालीसन पोरले शाळामा धाडशी, ते लोक म्हनतीन, इले माय नई शे का?" हिला आई नाही का, असं लोक विचारतील म्हणे. वहिनीला शब्द कळायचे. ती नवी होती, परक्या घरात होती, फणी सासूच्या हातात द्यायची.

काही महिन्यांत आशाच्या कानशिलांवरचे केस विरळ झाले. कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या आल्या. आईनं दृष्ट काढली, मीठमोहरी ओवाळून टाकली, आणि केसांना जोर यावा म्हणून वेणी आणखी करकचून घातली. प्रेमापोटीच केलं तिनं सगळं. मग एका रविवारी वहिनी गॅलरीत आली, आईच्या हातातली फणी तिनं काढून घेतली, आणि आईचाच हात धरून आशाच्या कपाळाच्या कडेवर ठेवला. तिथली कातडी ताणलेली होती आणि आत शीर ठणकत होती. आईचा चेहरा उतरला. मग वहिनीनं फणीतले दोन केस तळहातावर घेतले. एकाच्या टोकाला बारीकसा पांढरा कण होता, दुसऱ्याला नव्हता. "माय, हाऊ पडना," ती पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाली, आणि मग दुसऱ्याकडे, "हाऊ तुटना." कण असलेला केस मुळासकट आपणहून गळलेला, त्याची वेळ झालेली होती. कण नसलेला मधेच तुटलेला, तो आपल्या हातून गेला.

त्या दिवसापासून आमच्या घरात केसांचं राज्य बदललं. सुक्या केसाला हात लावायचा नाही, आधी निळ्या बाटलीचा फवारा. फणी माळ्यावर गेली. मोठ्या दातांचा लाकडी कंगवा, तोही टोकापासून सुरू करून हळूहळू वर, आणि गुंता आला की कंगवा ठेवून बोटं. डोक्याला चिकटून ओळीनं गुंफत नेलेल्या वेण्या, पण कपाळाच्या कडेचे कोवळे केस त्यात ओढायचे नाहीत. दिवाळीला आईनं हौसेनं गंगावन आणलं तर वहिनीनं ते हातात तोलून बघितलं आणि परत दिलं, इतकं ओझं तिथले केस पेलणार नाहीत म्हणाली. महिना-दीड महिना झाला की वेण्या सोडायच्या म्हणजे सोडायच्या, कितीही छान दिसत असोत. मुळाशी नवे केस येतात, सुटलेले केस आतच अडकून राहतात, धूळ बसते, गाठ होते, आणि ती गाठ मग चांगले केसही घेऊन जाते. सोडल्यावर थोडे दिवस डोकं मोकळं ठेवायचं. शाळेतल्या बाईंनी दोन वेण्या आणि लाल रिबिनीचा आग्रह धरला तेव्हा वहिनीनं ओळी मागे नेऊन त्यांच्या दोन वेण्या केल्या, रिबिनी बांधल्या आणि पोरीला पाठवून दिलं. या सगळ्यात वहिनीचा एकच शब्द चालायचा, "पोलेपोले." त्यांच्याकडे हळूहळूला तसं म्हणतात. मी वेणी घालायला शिकत होते आणि माझा हात घाई करायला लागला की पाठीमागून तो शब्द यायचा. सुती अभ्रा केसांचा ओलावा शोषून घेतो, हे ऐकल्यावर आईनं आपली लग्नातली रेशमी साडी ट्रंकेतून काढली आणि तिचे उशीला अभ्रे शिवले. तिची माफी मागायची तऱ्हा तीच.

वर्षं गेली. आशा कॉलेजात गेली, आईचे डोळे आणि गुडघे दोन्ही थकले, आणि वहिनीला जिना चढताना धाप लागायला लागली. ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या आधी वहिनीनं आशाला गॅलरीत पाटावर बसवलं, स्वतः मागे खुर्चीत बसली आणि वेण्या घालायला घेतल्या. मधेमधे थांबायची, दम घ्यायची, पुन्हा धरायची. एका बैठकीत होईना, दुसऱ्या दिवशी सकाळी पुरं केलं. मी म्हटलं, "वहिनी, मी घालते की." ती म्हणाली, "तू घालशील. पण आता माझा हात शे." मग आशाच्या मानेवर टिचकी मारून म्हणाली, "महिनाभर बघायला नको. मी येईन, मग मीच सोडवीन."

...ती आली नाही. दहाव्याला सटाण्याहून नातेवाईक बायका आल्या, सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, आणि एका मावशीनं आशाला केस मोकळे करायला सांगितलं. आशा शांतपणे म्हणाली, "मम्मी सोडवणार आहे." सोडवणार होती नव्हे, सोडवणार आहे. मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आशाच्या वेण्यांवरूनच पाणी ओतलं आणि तो विषय तिथे संपवला. मनात म्हटलं, अजून मुदत आहे.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते नीट सांगता येत नाही. वहिनी घरात होती, असंच मला वाटत राहिलं. गॅलरीतली खुर्ची रिकामी दिसायची नाही, नुकतंच कुणी उठून आत गेलंय अशी दिसायची. कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर त्या शांततेत खोबरेलाचा वास यायचा. मी स्वतःचे केस विंचरताना कंगवा अडला की हात थबकायचा, पाठीमागून शब्द येईल म्हणून, आणि तो न आल्यावर मी मान वळवून बघायची. आईनं तर कधी मान्यच केलं नाही. दुपारी आतून हाक यायची, "नीमा, पोरनं डोकं बघ." आणि पोरीचं डोकं खरंच बघवत नव्हतं. वेण्या मुळापासून सुटून पुढे आल्या होत्या, मधल्या जागेत लव माजली होती, धूळ बसायला लागली होती. वहिनीनं स्वतः ही मुदत कधीच चुकू दिली नसती. पण ज्या वेण्या सोडायच्या त्या तिच्या बोटांचं शेवटचं काम होत्या. त्या सोडल्या की आशापाशी आईच्या हातचं काही उरणार नव्हतं, आणि नाही सोडल्या तर वहिनीनं बारा वर्षं जपलेले केसच जाणार होते. मी कोणत्या तोंडानं तिला सांगायचं होतं?

शेवटी आशाच आली. रविवारची सकाळ होती. तिच्या तळहातावर रेशमी अभ्र्यावरून वेचलेले केसांचे तुकडे होते. "आत्या, यांना कण नाहीये," ती म्हणाली. मी एकेक तुकडा उजेडात धरून बघितला. डॉक्टर दादाला म्हणाले होते की तिची वेळच आली होती. मला ते आजही पटत नाही. पन्नाशीसुद्धा न गाठलेली, हसती, हट्टी बाई, तिची कसली वेळ?... पण तेव्हा मी खिडकीतली बाटली घेतली आणि पाट मांडला. वहिनीच्या खुर्चीत बसायचा धीर होईना, म्हणून उभीच राहिले. आशानं मागे न बघता माझी साडी ओढली आणि मला त्या खुर्चीत बसवलं.

टोकापासून एकेक वेणी सोडत गेले. सुटलेल्या केसाला गुंफणीची वळणं तशीच होती, तिच्या बोटांनी घातलेली, तिच्याच मापाची. पाण्याचा फवारा पडला की ती वळणं मिटतात हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि मी बाटली हातात धरून नुसतीच बसून राहिले. आशानं बाटली माझ्या हातून घेतली. "सुके नको धरूस, आत्या. तुटतील," म्हणाली, आणि स्वतःच्या डोक्यावर तिनं स्वतःच फवारा मारला. मग माझा हात चालायला लागला. मानेपाशी एक गाठ अडली, डोळ्यांत पाणी भरून मला नीट दिसेना, मी जरा ओढलं, आणि आवाज आला, "पोलेपोले."

तोच आवाज, तसाच खालच्या पट्टीतला. मी मान वळवून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. बोलली होती आशा, माझ्या समोर बसून, आणि तिचं तिलाही कळलं नव्हतं.

आतल्या खोलीतून आईनं आलीस का म्हणून विचारलं, "नीमा? उनी का तू?"

आशा म्हणाली, "मी आहे, आजी."

थोडे दिवस डोकं मोकळं ठेवून मी नव्या वेण्या घातल्या. त्या फार चांगल्या नाहीत, ओळी जरा वाकड्या गेल्यात. झाल्यावर आई काठी टेकत बाहेर आली, आशासमोर बसली, आणि तिच्या कपाळाच्या कडेवर अंगठा फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. तिथली कातडी सैल होती. "ढिली शे," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोकेसले दिसू दे. इले माय शे."

दादाचे शर्ट आता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जातात. बाटली खिडकीत असते. रविवारी मी ती भरते, पाणी आणि थोडं खोबरेल.