भुंग्याची सोयरीक

खंडेराव म्हणजे तोंडाने तोफ आणि काळजाने लोणी. मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कँटीनमध्ये रस्सा ढवळता ढवळता त्याचे केस पांढरे झाले, पण अणूबद्दल कुणी वावगं बोललं की आजही झारा घेऊन अंगावर धावेल. मूलबाळ नाही. बोईसरच्या घरात तो, बायको सुगंधा आणि भुंग्या. भुंग्या पग जातीचा कुत्रा. चपटं नाक, बाहेर आलेले डोळे आणि श्वास घेतला की शेजारपाजारी ऐकू जाणारी घुरघुर. त्यावरूनच नाव पडलं.

तर खंडेरावाला आता नातू हवा होता. म्हणजे भुंग्याचं पिल्लू हो! फरसाणवाल्या मेहुलकडे राणी नावाची पगीण होती. दाखवण्याचा कार्यक्रम रीतसर झाला, कांदेपोह्यांसकट. नवरदेवाची घुरघुर पाहुण्यांच्या कानी पडू नये म्हणून सुगंधाने आत चटणी वाटायला घेतली ती मिक्सर काही थांबवेना. मेहुलनेही, का कोण जाणे, मोबाइलवर मोठ्याने भजनं लावून ठेवली होती. पसंती झाली. सुगंधा मुंडावळ्या करायला बसली.

आणि एका संध्याकाळी फिरता फिरता भुंग्या धापा टाकत रस्त्यातच बसला. जीभ जांभळी पडली. खंडेरावाने भुंग्याला उचललं, सुगंधाला हाक मारली आणि रिक्षाने थेट पालघर गाठलं, गुरांच्या डॉक्टर उत्कर्षाबाईंकडे.

बाईंनी आधी भुंग्याला गार केलं, मग बॅटरीने नाकपुड्या पाहिल्या. "काका, नाकपुड्या फार अरुंद आहेत. हे आनुवंशिक आहे."

झालं! खंडेराव भडकला.

"अणुवंशिक? ओ बाई, अणूचं नाव काढायचं काम नाय! माझा जन्म गेला तिथं. मी घोरतो का?"

"व्हय," सुगंधा म्हणाली.

"तू गप! आवो, हे कुत्रं पुण्यात जन्मलंय, पुण्यात! अणूचा आन् त्याचा काय संबंध?"

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. "अणु नव्हे हो काका, आनुवंशिक! आईबापांकडून आलेलं. दिसायला गोड म्हणून माणसांनी पिढ्यान् पिढ्या चपट्या नाकांच्याच जोड्या लावल्या. नाक गेलं आत आणि श्वास कोंडला. ऑपरेशन करून नाकपुड्या मोकळ्या करता येतील. पण याला पिल्लं होऊ देऊ नका. त्यांचेही असेच हाल होतील."

"ऑपरेशन केल्यावर बी?"

"नाक सुधारेल काका, रक्त नाही."

परतीच्या रिक्षात तोफ भुंग्याला वारा घालत होती. सुगंधा हळूच म्हणाली, "मेहुलला न्हाय सांगितलं तर?"

"आन् पिल्लू मांडीवर धापा टाकायला लागलं की बघवंल तुला?"

तिला बघवलं नसतं. घरी आल्यावर तिने मुंडावळ्या कपाटात टाकल्या. खंडेरावाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. नातवाचं नावसुद्धा ठरलं होतं त्याच्या मनात.

दुसऱ्या दिवशी तो मेहुलच्या दुकानात गेला, चपला बाहेर काढल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "मेहुलशेठ, दोष आमच्या पोरात हाय. सोयरीक मोडायला आलोय." मग आनुवंशिकचा अर्थही सांगितला, आपल्याला जन्मापासून ठाऊक असल्यासारखा.

मेहुलच्या हातातला गाठियाचा झारा हवेतच राहिला. "काका, खरं सांगू? आमची राणी भुंग्यापेक्षा जोरात घोरते. म्हणून तर भजनं लावली होती."

"आरं चोरा!" खंडेराव ओरडला आणि दोघे गिऱ्हाइकांसमोर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

लग्न मोडलं ते मोडलंच. भुंग्या आणि राणी, दोघांच्याही नाकांची ऑपरेशनं झाली, पिल्लं होऊ नयेत म्हणून करायची तीही झाली. सोयरीक मात्र टिकली. रविवारी दुपारी राणी पाहुणी म्हणून येते, भुंग्याच्या गोधडीवर झोपते आणि कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. ही शांतता खंडेरावाला सोसत नाही. सारखा उठून भुंग्याच्या पोटावर हात ठेवून बघतो.

"जित्ता हाय त्यो," सुगंधा वैतागते. "पडा आता गुमान."

तो आडवा होतो. डोळा लागतो आणि घरात घुरघुर सुरू होते. राणी दचकून मान वर करते. मग पाहुणीसमोर शोभा नको म्हणून सुगंधा उठते आणि मिक्सर लावते.