पोपोंच्या घरी साठ पेट्या

सांगलीहून निघताना माझ्या बॅगेत दोन किलो भाजणी होती आणि डोक्यावर एक कामगिरी. माझा धाकटा भाऊ अनंता चाळीसहून अधिक वर्षं कॅनडात आहे. व्हिटबीला राहतो, इंजिनिअर होता, आता निवृत्त. त्याचा मुलगा सलील विनिपेगच्या विवियनशी लग्न करणार होता. विवियनचं घराणं मूळचं हाँगकाँगकडचं. त्यांच्याकडे लग्नाच्या काही आठवडे आधी मुलाकडून मुलीच्या घरी केकच्या पेट्या जातात, आणि त्या पोचवायला नवरा हयात असलेली, मुलंबाळं असलेली बाई लागते. अनंताची बायको सुमन सहा वर्षांपूर्वी गेली.

"ताई, थोडक्यात सवाष्ण हवी आहे," अनंता फोनवर म्हणाला. "आपल्याकडे तूच एक स्टॉकमध्ये आहेस."

सदुसष्टाव्या वर्षी माणूस स्टॉकमध्ये आहे हे ऐकून बरं वाटतं. मी तिकीट काढायला सांगितलं.

व्हिटबीत चार दिवस राहिले. मार्च उजाडला तरी तळ्याच्या काठाला बर्फ चिकटून होता. तळं म्हणायचं, पण पलीकडचा किनारा दिसत नाही. अनंताच्या घरात सुमनचे सगळे डबे अजून तिच्याच क्रमाने लावलेले. त्याने त्यांना हात लावलेला नाही आणि मीही लावला नाही.

विनिपेगला विमानाने अडीच तास लागले. सलील तिथेच नोकरी करतो, तो घ्यायला आला होता. विमानतळाच्या पार्किंगमध्ये मी तिसऱ्याच पावलाला घसरले आणि बर्फावर फतकल मारून बसले.

"आत्या, आय टोल्ड यू, विंटर बूट्स," सलील मला उठवत म्हणाला.

"तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. आता उचल," मी म्हणाले.

गाडीत त्याने खरी अडचण सांगितली. विवियनचे आईवडील दिवसभर रेस्टॉरंटमध्ये असायचे, त्यामुळे तिला लहानाची मोठी आजीनेच केलं. पोपो (आईची आई). अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. सलील दोनदा त्या घरी जाऊन आला आणि दोन्ही वेळा पोपो आपल्या खोलीत बसून राहिल्या.

"शी इज नॉट अँग्री, आत्या. तिला मी दिसतच नाही," सलील म्हणाला. "पेट्या आणा म्हणाली. पण लग्नाला येईन असं अजून म्हटलेलं नाही. विवियन रोज रडते. शी वोन्ट डू इट विदाउट हर."

तो स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. सुमनही काळजीत असली की पोळपाटावर अशीच बोटं आपटायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही चायनाटाऊनमधल्या एका जुन्या बेकरीत गेलो. मालकीणबाई पन्नाशीच्या, कोपरापर्यंत पीठ. आपल्याकडे रुखवत मुलीकडचे मांडतात, इथे खाऊ मुलाकडच्यांनी पाठवायचा आणि किती पेट्या हे मुलीकडच्यांनी सांगायचं. त्या पेट्या मग मुलीची आई नातेवाइकांना वाटते. लग्नाचं आमंत्रणच ते. आकडा सम हवा, त्यात चार नको, कारण त्यांच्या भाषेत चारचा उच्चार मृत्यूच्या जवळ जातो. पोपोंनी साठ सांगितल्या होत्या.

केक म्हटल्यावर मी क्रीमचा केक समजून बसले होते. हे तळहाताएवढे, गोल, चिरोट्यासारखे पापुद्रे सुटलेले. पिवळ्यात मुगाचं गोड सारण, लालमध्ये कमळाच्या बियांचं. वर लाल शिक्का. बघूनच मला साटोरी आठवली.

"पापुद्र्यांना तूप का?" मी इंग्रजीत विचारलं.

"लार्ड," बाई म्हणाल्या. डुकराची चरबी. तेलाचेही करतात, पण पोपोंनी जुन्या पद्धतीचेच सांगितले होते.

मी हात मागे घेतला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"ताई, आपल्याला खायचे नाहीत, नुसते पोचवायचे आहेत," अनंता म्हणाला. ते पटण्यासारखं होतं.

शनिवारी सकाळी मी गर्द जांभळी पैठणी नेसले, वर अनंताचं जाकीट चढवलं आणि आम्ही विवियनच्या घरी निघालो. पहिली पेटी माझ्या हातात. अनंता आणि सलील बाकीच्या उतरवायला गाडीपाशी थांबले, मी एकटी आत गेले. विवियनने वाकून नमस्कार केला. सलीलने शिकवलेला असणार, कारण ती आधी चुकून माझ्या पर्सच्या पाया पडली. पोपो भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ. माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पेटी आधी पूर्वजांच्या तसबिरींपुढे ठेवली, उदबत्त्या लावल्या. आपल्यासारखाच नैवेद्य. मग विवियनच्या आईने पेटी उघडून एक केक कापला आणि चहाबरोबर बशीत माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, झाला प्रसाद. आता नव्या सुनेचं तोंड गोड करायचं. हे काम सुमनचं, तिच्या जागी मी. मी एक तुकडा उचलला, "ये गं," म्हणून विवियनला जवळ घेतलं आणि घास तिच्या ओठांशी नेला.

विवियनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्या, आय कान्ट," ती कुजबुजली. "नवरीने आपल्या लग्नाचा केक खायचा नसतो. ती स्वतःचं नशीब खाते असं म्हणतात."

पोपो आता सरळ माझ्याकडे पाहत होत्या. घास माझ्या हातात. आमच्या घरची शिकवण अशी की तोंडापर्यंत नेलेला घास बशीत परत ठेवायचा नाही, तो अपशकुन. म्हणजे तिने खाल्ला तरी पोरीचं वाईट आणि मी ठेवला तरी पोरीचं वाईट. घास विवियनच्या आईला भरवता आला असता, हे मला पुढे परतीच्या विमानात सुचलं. त्या क्षणी मी तो माझ्याच तोंडात घातला. चावला आणि गिळला.

तेवढ्यात सलील पेट्यांची चळत घेऊन आत आला. "आत्या, तू ते खाल्लंस? देअर इज लार्ड इन दॅट."

पोपोंनी विवियनला काहीतरी विचारलं. विवियन बराच वेळ सांगत होती, माझ्याकडे बोट करत, मध्येच नाक पुसत. पोपोंनी आणखी एक प्रश्न विचारला.

"ती विचारते, कधीच नाही? आयुष्यात?" विवियन म्हणाली.

"कधीच नाही," मी म्हणाले.

पोपो उठल्या. काठी न घेता माझ्यापर्यंत आल्या, बशीतला उरलेला केक उचलून स्वतः खाल्ला आणि चहाचा कप माझ्या हातात दिला. मग सलीलकडे वळल्या, त्याला आपादमस्तक पाहिलं आणि एक वाक्य बोलल्या.

विवियन हसत रडत होती. "ती म्हणते, लग्नात मी तुझ्या आत्याशेजारी बसणार."

आणि त्या बसल्या. लग्नाच्या जेवणात एकामागून एक पदार्थ येत राहिले आणि प्रत्येक वेळी पोपो आधी ताट आपल्याकडे ओढायच्या, हुंगायच्या, वाढप्याला खोदून विचारायच्या. मग एक तर मला वाढायच्या, नाही तर ताट पार टेबलाच्या पलीकडे ढकलायच्या. आम्हाला एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता. मी पोटभर भात, टोफू आणि मशरूम खाल्ले.

सांगलीला परतल्यावर चौथ्या दिवशी यांना सगळं सांगितलं. हे पेपर बाजूला ठेवून ऐकत होते.

"सुमन असती तर तिने आधी विचारलं असतं," मी म्हणाले. "घास पुढे केलाच नसता."

"मग म्हातारी लग्नाला आली असती?" यांनी विचारलं.

मी त्यांच्या पेपरची घडी घालायला घेतली. मग हेच म्हणाले, "लागलं कसं?"

"छान," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पूजा केली. देवाला त्या केकचं काही सांगितलं नाही. त्याने पोपोंना खुर्चीतून उठताना पाहिलं असणारच.