पाणी उतरलं

माझी आई नदीवरची जाळी साफ करायची. नदी खडकांतून सुटून जिथे जरा दम खाते, तिथे गावाच्या नळांसाठी पाणी घेतात. त्या तोंडावरची ही लोखंडी जाळी. तिच्यात पालापाचोळा अडकला की नळ बंद, आणि शिव्या खायला आई आहेच. गुडघाभर पाण्यात उभं राहून दाताळ्याने कचरा ओढण्यात तिचं आयुष्य गेलं. तिचे कुणी कधी आभार मानल्याचं मला तरी आठवत नाही.

नदी तशी एवढीशी. कड्याखालच्या झऱ्यातून निघते, तीन उड्या मारते आणि दोन कातळांच्या फटीतून अंग चोरून खाली येते. पण वर जोराचा पाऊस झाला की त्या फटीत पाणी तुंबतं आणि एकदम सुटतं. मग खाली लख्ख ऊन का असेना!

आई त्या झऱ्याजवळच्या वस्तीतली. मामा अजून तिथेच राहतो. वर काही झालं की तो खाली पंपघरात फोन करतो.

त्या दिवशी सकाळपासून पाणी गढूळ होतं, म्हणून आई काठावर थांबून होती. दुपारी मी डबा घेऊन पंपघरात गेले, तर माझा नवरा खुशीत. तो सपाटीवरचा माणूस, पंपावर नुकताच लागलेला.

"मामांचा फोन होता. पाणी उतरलं म्हणाले. आईंना सांगितलं, ओसरलंय, जा बिनधास्त."

मी डबा तिथेच टाकला. मामाच्या वस्तीत पाणी ओसरलं की 'बसलं' म्हणतात.

"अहो, उतरलं म्हणजे डोंगरावरून निघालं! खाली येतंय ते!"

तो माझ्याआधी धावत सुटला. आई वाकून कचरा ओढत होती. आम्ही घसा फोडून हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात तिला काही ऐकू जाईना. वर फटीत गडगडलं. हा बुटांसकट पाण्यात शिरला, तिचा दंड धरून ओढू लागला, आणि ती दाताळं सोडेना! मग तिने वर पाहिलं. दोघं खडकाला लागतात तोच लोंढा आला आणि याचा पाय सुटला. आईने त्याची कॉलर पकडली. मी आईला धरलं.

कसेबसे वर आलो. जाळी दिसेनाशी झाली होती. हा म्हणाला, "आई, चुकलं माझं. मला वाटलं..."

"अरे गाढवा, पोहता येत नाही तर उतरलास कशाला?"

आजवर ती जावयाला अहोजाहोच करायची. तिच्या शिव्या चालूच होत्या, आणि मुठीतली कॉलर तिने अजून सोडली नव्हती.