पहिलंच, असं मी सांगितलं

बायको बाळंत झाली त्या दवाखान्यात नर्सबाईंनी बाळाचं कार्ड भरताना विचारलं, "पहिलं बाळ?" मी म्हणालो, "हो, पहिलंच."

खोटं होतं ते. थोरला गावाकडं, जालन्याजवळ, चार महिन्यांचा होऊन गेला. तोंड यायचं, हगवण लागायची, मग खोकला. एक बरं झालं की दुसरं. पण आमच्यात नव्या बाळाचं बारसं होईपर्यंत गेलेल्याचा विषय काढत नाहीत. आईनं फोनवर तीनदा बजावलं होतं. मी सातवीत शाळा सोडलेला, बडोद्याला येऊन कोयलीच्या रिफायनरीत कंत्राटदाराकडं राबणारा. घरची रीत दवाखान्यात पाळायची नसते, हे मला कुठून कळणार.

त्याच दिवशी बाळाच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचली. सगळ्यांनाच टोचतात.

तिसऱ्या महिन्यात ती जागा वाहू लागली. काखेत लिंबाएवढी गाठ, अंगात ताप. जवळचे डॉक्टर म्हणाले, कधी कधी येते, आपोआप बसते. मी दोन आठवडे वाट बघत बसलो. खोलीची मालकीण इथलीच जुनी मराठी. एका सकाळी ती दारात उभी राहिली.

"अरे, केटला दिवस बघत बसणार? चाल, रिक्षा उभी केलीय मी."

तिचे उपकार फिटायचे नाहीत. मी अजून बसूनच राहिलो असतो.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ बघितली आणि विचारलं, "याच्या आधी एखादं बाळ गेलंय?"

बायको म्हणाली, "गेलाय. चार महिन्यांचा, सारखा आजारी पडून."

"कार्डावर तर पहिलं लिहिलंय."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाळाचं रक्त तपासून आल्यावर म्हणाल्या, "या लसीत जिवंत जंतू असतात, कमजोर केलेले. इतर बाळांचं शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं. याच्याकडं लढणारं जन्मापासून काही नाही, म्हणून ते कमजोर जंतूही वाढत गेले. थोरल्याचं कळलं असतं तर आधी रक्त तपासलं असतं, लस थांबवली असती."

आता औषधं चालू आहेत. आम्हा दोघांचं रक्त जुळवायला पाठवलंय. जुळलं तर आमच्या हाडातला मगज त्याला देता येईल, त्यातून त्याच्या अंगात लढणारं तयार होईल. रिपोर्ट अजून नाही. उद्या या, परवा या.

आई फोनवर म्हणाली, "लसीनंच केलं ना हे?"

"नाही आई. आपण गप्प बसलो, त्यानं झालं."

"बाळ आजारी असताना असं बोलू नये रे."

"न बोलूनच इथवर आलोय."

परवा मी जिथं बाळंतपण झालं त्या दवाखान्यात कार्ड घेऊन गेलो. म्हटलं, पहिलं खोडा, दुसरं लिहा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "हवे शुं फरक पडे, भाई?" आता काय फरक पडणार, म्हणे.

"पुढच्या डॉक्टरांनी हेच वाचायचंय, बेन."

त्यांनी खोडलं. मग पहिल्याचं विचारलं, "अने पहेलुं?"

मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, जल्दी करो. मी थोरल्याचं सगळं सांगितलं, तोंड आल्यापासून शेवटच्या खोकल्यापर्यंत, आणि त्या लिहून घेईतो खिडकीवरून हललो नाही.