कबरीवरची टिटवी

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही चर्चच्या मंडळीतले लोक दफनभूमीत साफसफाईला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना तिथंच असते. म्हणून कबरींना चुना लावायचा, वाळलेलं गवत पेटवून द्यायचं, ही आमची जुनी रीत. माझे पती जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांची कबर अजून बांधली नव्हती. मातीचा उंचवटा आणि त्यावर पसरलेली बारीक खडी, एवढंच.

मी खराटा घेऊन जवळ गेले, तशी एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. वळली आणि पुन्हा अंगावर आली. डोक्यावर पदर घेऊन मी खाली बसले, तेव्हा दिसलं. खडीतच, खाली काडीसुद्धा न अंथरता घातलेली चार अंडी. रंग खडीचाच, वर काळे ठिपके. आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर पायाखालीच गेली असती.

दफनभूमीची देखभाल बघणारे पंच काडेपेटी घेऊन आले. ते ह्यांचे जुने दोस्त.

"वहिनी, टिटवी हाय ती," ते म्हणाले. "अपशकुनी पाखरू. टोपलीत घालून पलीकडं उसाच्या कडंला ठेवतो की."

"तिथं येईल का ती बसायला?"

"न्हाय यायची."

"मग राहू द्या. आणि आपण शकुन-अपशकुन कधीपासून मानायला लागलो?"

त्यांनी काडेपेटी खिशात टाकली. पण गवत पेटवायचं होतं, माणसं खोळंबली होती. तेवढ्यात पाळकसाहेब आले. त्यांनी लांबूनच अंडी पाहिली. मग म्हणाले, "देवानं सृष्टी सांभाळायला दिलीय, असं मी व्यासपीठावरून सांगतो. आणि सांभाळायची वेळ आली की काडी ओढायची होय? आज गवत राहू दे."

सगळे गेले तरी मी कडुनिंबाखाली बसून राहिले. ऊन रणरणत होतं, खडी तापली होती. टिटवी उठून शेतातल्या पाटाकडं गेली. मला वाटलं, कंटाळली. थोड्या वेळानं परत आली, तर पोटाची पिसं ओलीचिंब. ती अलगद अंड्यांवर बसली. पाणी अंड्यांवर निथळत होतं. तापलेल्या दगडावर ती अंड्यांना गारवा देत होती! हे तिला कुणी शिकवलं? मी आपोआप हात जोडले. ह्यांच्या आजारपणात मी त्यांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवायची, ते आठवलं आणि रडू आलं. पण ते रडणं नेहमीचं नव्हतं.

ईस्टरच्या पहाटे मंडळी फाटकाच्या बाजूलाच उभी राहिली. ती बुजू नये म्हणून पेटी-तबला आणला नव्हता. गाणं सुरू झालं तशी तिनं मान वर केली, इकडंतिकडं पाहिलं, पण उठली नाही. एवढी माणसं गात होती आणि ती बसून होती.

पुढं मी रोज सकाळी जायची. पंचही यायचे, काहीतरी काम काढून. एका सकाळी आम्ही दोघं तिथं असतानाच अंडी फुटलेली दिसली. तीन पिलं निघाली होती. चौथं अंडं तसंच राहिलं. कापसाच्या बोंडाएवढी पिलं, पाय तेवढे लांब. पिसं पुरती वाळलीही नव्हती, तोच एक उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि मातीचा उतार उतरून गवतात शिरलं. मागोमाग दुसरं. पंचांनी टोपी काढून हातात धरली.

"आत्ता निघालंय आणि चालतंय बी," ते म्हणाले. "वहिनी, देवाचं काम हाय हे."



त्यानंतर आमच्या दफनभूमीत गवत पेटवलं गेलेलं नाही. पंच ते विळ्यानं कापून घेतात आणि जवळच्या गोठ्यावर म्हशींना देतात. कापायच्या आधी मात्र स्वतः वाकून, एकेक कबर बघत सगळीकडं फिरतात.